पहिल्या गाळ्याचा मान

मी माझ्या साडूला पंचवीस वर्षं पाण्यात पाहत आलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की मास्तरांनी गोड बोलून गंडवलं. मास्तर म्हणजे मी. शिंपी. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, बूट शिवणारा. आम्ही दोघं एकाच वयाचे, त्यामुळे नातं कसलंही असलं तरी अरे-तुरेच.

आज आमच्या मॉलला चार मजले आहेत, वर काचेचा घुमट आहे, सरकते जिने आहेत आणि दारातून आत शिरलं की अत्तराचा असा भपकारा येतो की साधा माणूस स्वतःचाच शर्ट हुंगून बघतो. पण सुरुवातीला तिथे फक्त बारा गाळ्यांची एक ओळ होती. पहिला गाळा मी घेतला आणि दुसरा साडूने. तोही माझ्याच सांगण्यावरून. दुर्बुद्धी सुचते ती अशी.

उद्घाटनाला मालकाने, म्हणजे आमच्या शेठने, मोठा पाहुणा बोलावला होता. फीत जरीची, चांगली चार बोटं रुंद. आणि कात्री? तबकात ठेवलेली, चकचकीत, निव्वळ शोभेची. पाहुण्याने तीनदा दाबली, फीत नुसती चुरगळली. लोक हसायला लागले. शेठ घामाघूम. कोणीतरी ओरडलं, "अहो, शिंप्याची कात्री आणा की!"

आता कापडाची कात्री कापडाशिवाय कशालाही लावायची नाही, हे ज्याने मशीनवर एक महिना काढला त्यालाही कळतं. कागद कापला तरी धार जाते, मग जरीची तार म्हणजे विचारूच नका. माझी कात्री वडिलांच्या हातातली. ते म्हणायचे, कात्री परक्या हाताला लागली की रुसते. मी काय केलं, मुकाट्याने गाळ्यात शिरलो आणि शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढलं. कात्री छातीशी धरून आत उभा राहिलो. बाहेर साडूने आपली चामडं कापायची सुरी काढली, एका फटक्यात फीत तोडली, टाळ्या पडल्या आणि फोटो निघाला. फोटोत पाहुणा, शेठ आणि मधोमध आमचे साडू.

तिथून त्याचं नशीब उघडलं. शेठ त्याला लाडाने 'सुरी' म्हणायला लागला. स्वतःचे बूट त्याच्याकडून शिवून घ्यायचा, मग पाहुण्यांचे, मग पाहुण्यांच्या पाहुण्यांचे. बारा गाळ्यांमागे दुसरी इमारत उभी राहिली तेव्हा साडूला कोपऱ्यावरची जागा मिळाली आणि मला मागची. घुमट बांधला तेव्हा तो घुमटाखाली गेला, मोठ्या काचेचं दुकान, आत दोन मदतनीस. माझी रवानगी तळघरात, गाड्या लावतात त्याच्या शेजारी. वरच्या भारी दुकानांतून पँटी चिठ्ठ्या लावून खाली येतात, मी त्यांच्या उंच्या कमी करतो आणि त्या वर जातात. गिऱ्हाईक माझं तोंड बघत नाही आणि मी गिऱ्हाइकाचे फक्त पाय मापतो, तेही कागदावर. मॉल वर वाढत गेला आणि मी खाली.

घरी बायको काही बोलायची नाही. नुसतं म्हणायची, "ताईकडे नवा सोफा आलाय." मग माझा जेवणातला रस जायचा.

मॉलला पंचवीस वर्षं होणार म्हणून ऑफिसातली एक मुलगी सगळ्यांकडून जुन्या आठवणी गोळा करत फिरू लागली. आम्ही तिचं नाव ठेवलं इतिहासवाली. एका भिंतीवर मॉलची सगळी गोष्ट फोटोंसकट लावायची होती. ती तळघरात आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "मास्तर, तळघरातले गाळे निघणार आहेत. पार्किंग वाढवायचंय. पण पहिल्या दिवसापासून दुकान उघडं असलेल्या दुकानदाराला मालक नव्या भागात एक गाळा देणार आहेत. मान म्हणून. एकालाच. पहिल्या बारांतले तुम्ही दोघंच उरलात, पण आत्तापर्यंत तरी तुमच्या साडूंचंच नाव आहे. तो फोटो आहे ना त्यांचा."

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. ज्याच्याकडे घुमटाखालचं दुकान आहे त्यालाच आणखी एक गाळा, आणि मी मशीन उचलून कुठे जाऊ? आंधळ्या कोशिंबिरीतही दरवेळी वेगळा माणूस सापडतो, पण नशिबाच्या हाती दरवेळी हाच बरा सापडतो!

पण माझ्याकडेही हुकमाचा पत्ता होता. उद्घाटनाचा तो फोटोवाला तेव्हा माझ्याकडून कोट ढिला करून घ्यायचा आणि त्या बदल्यात त्याने मला अख्खा फोटो दिला होता. ऑफिसातल्या फोटोच्या कडा कापलेल्या आहेत. माझ्या फोटोत डावीकडे माझ्या दुकानाची पाटी दिसते, ठसठशीत. साडूच्या गाळ्यावर पाटीच नाही, कारण त्याचा पेंटर आठ दिवस उशिरा उगवला. पहिलं दुकान कोणाचं, हे सांगायला आणखी काय पाहिजे? मापाच्या वहीत जपलेला तो फोटो मी इतिहासवालीच्या हातात ठेवला. वर हेही सांगितलं की, "आमचे साडू तसे स्वभावाने गरीब आहेत, पण फोटोत घुसायची सवय पहिल्यापासूनची. बघा, गर्दीला हात कसा करतोय!"

शटर खाली होतं हे मला आठवत होतं. पण पोस्टकार्डाएवढ्या फोटोत तिथे नुसता काळोख दिसायचा. मी त्यावर निश्चिंत होतो.

भिंत उघडी केली त्या दिवशी मी धुतलेला शर्ट घालून वर गेलो. माझा फोटो त्यांनी उजळून दोन माणसं उंच केला होता. सगळ्यात आधी दिसली ती माझी पाटी. आणि पाटीखाली बंद शटर. पांढरं, स्वच्छ, एकेक पट्टी मोजता यावी असं. खाली गुडघ्याएवढ्या फटीत दोन पाय. माझेच.

इतिहासवाली ओशाळून म्हणाली, "मास्तर, मी तुमच्यासाठी खूप भांडले. पण उद्घाटनाला दुकान बंद होतं असं दिसतंय ना." फोटोखाली साडूचं नाव होतं. पहिला दुकानदार. पुरावा मी स्वतःच्या हाताने दिला होता. मला वाटलं, त्याच कात्रीने स्वतःचे कान कापून घ्यावेत.

तेवढ्यात साडू शेजारी येऊन उभा राहिला. मला त्याच्याकडे बघायचं नव्हतं, म्हणून फोटोतल्या त्याच्याकडे बघत राहिलो. आणि बघता बघता लक्षात आलं की ज्या बाजूला तो हात करतोय त्या बाजूला गर्दी नाहीच. गर्दी सगळी उजवीकडे. डावीकडे फक्त माझं शटर आहे. त्याचा तळवा आतल्या बाजूला वळलेला आहे, आपण माणसाला 'ये' म्हणताना वळवतो तसा. पाहुणा कॅमेऱ्यात बघतोय, शेठ कॅमेऱ्यात बघतोय, आणि हा शहाणा तोंड उघडून माझ्या पायांकडे बघतोय.

"किती हाका मारल्या तुला त्या दिवशी," साडू म्हणाला. "म्हटलं, पहिला गाळा तुझा, फोटोत तू पाहिजेस. तू हललाच नाहीस."

खरं सांगतो, तेव्हाही मला आनंद झाला नाही. आधी मनात आलं ते हेच, की चांगुलपणातसुद्धा हा माझ्या पुढे गेला. निदान तेवढं तरी माझ्यासाठी ठेवायचं होतं.

"नवा गाळा मोठा आहे," तो पुढे म्हणाला. "माझ्याच्याने दोन दुकानं होत नाहीत. तू बस तिथे. मी ऑफिसात बोललोय. आता तरी बाहेर येशील ना?"

हो म्हणावं तर जीभ उचलेना आणि नाही म्हणायची माझी ऐपत नव्हती. शेवटी जे पंचवीस वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं ते तोंडातून निघालं.

"तुझ्या हाका मला ऐकू आल्या होत्या," मी म्हणालो. "मला वाटलं, तू कात्री मागतोयस."

साडूने माझ्याकडे वळून पाहिलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"कात्री कशाला मागेन, मास्तर?" तो म्हणाला. "माझ्या हातात सुरी होती की."