कुऱ्हाडीच्या पिक्चरचा उरलेला अर्धा

नावडता, क्रमांक दोन.

जानेवारी, सांगली. जुळे भाऊ, एक पोलीस, एक गुंड. पावणेतीन तासांत एकच थोबाडीत, तीही आईने मारलेली. धैर्यशील मध्यंतरातच उठला. "ह्यात रगात कुठाय रं सम्मेद? ह्यापरास तुमच्या देवळातलं प्रवचन बरं."

दरवर्षी आम्ही दोघं पिक्चरची यादी करतो. दोन आवडते, दोन नावडते. कॉलेजात एका खोलीत राहिलो तेव्हापासून. तो कराडचा, मी सांगलीचा. पिक्चरला मी कायम त्याच्या डाव्या हाताला बसतो.

आवडता, क्रमांक दोन.

मार्च, सातारा. खाणीचा पिक्चर. शेवटी नायक सळईने अकरा जणांना मारतो. मी मोजले. बाहेर आल्यावर मी बिनकांद्याची भेळ सांगितली, तर हा भेळवाल्यासमोरच म्हणाला, "कांद्यात जीव असतो म्हणं. आन् माणसं मोजतोस व्हय, गड्या?"

हसलो दोघंही. लय हसलो.

आवडता, क्रमांक एक. (अर्धाच पाहिला.)

जुलै, कराड. कुऱ्हाडीचा पिक्चर. मध्यंतराला पाच मिनिटं असतील. पडद्यावर कुऱ्हाड चालू, ढोल चालू. पुढच्या रांगेतला एकजण मोबाइलची बॅटरी लावून खुर्चीवर नाचायला लागला. रहिमतपूरचा पप्पू, नाव नंतर कळलं. धैर्यशीलने त्याला कॉलरला धरून आपल्या उजवीकडे ओढला. पप्पूने त्याच्या पोटात गुडघा घातला. माझ्या खुर्चीचा हात आधीच निखळलेला होता. लाकूड, टोकाला लोखंडी पट्टी. मी तो उपटला.

पहिला फटका पप्पूला मारला. पप्पू वाकला. फटका धैर्यशीलच्या कानाला लागला.

ढोल वाजतच होते.

दुसरा.

(इथे तीन वेळा खोडलंय.)

दुसऱ्याच्या वेळी पडदा पांढरा झाला होता, सगळा उजेड आमच्यावर. धैर्यशीलचा चेहरा मला स्पष्ट दिसला. हात वर होता. थांबवता आला असता.

आवाज पिक्चरसारखा आला नाही. चिखलात पहार बसावी तसा, बारका. त्याचा डावा डोळा गेला.

लाकूड पप्पूच्या पायाशी पडलं आणि लोकांनी पप्पूला धरलं. मी धैर्यशीलला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत पळालो. त्याची आई, साळूबाई, माझ्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "तू हुतास म्हणून वाचला बाबा." तिच्या बोटांना माझ्या गालावरचं रक्त लागलं. त्याचंच.

हवालदाराने विचारलं, कुणी मारलं?

मी म्हणालो, अंधार होता.

पप्पू आत गेला. मी दर रविवारी केळी घेऊन दवाखान्यात गेलो.

नावडता, क्रमांक एक.

तोच पिक्चर.

सप्टेंबर. पर्युषण संपलं की दुसऱ्या दिवशी आम्ही जैन सगळ्यांची क्षमा मागतो. पूर्वी घरोघर जायचे, आता मेसेज. 'वर्षभरात कळत-नकळत मन दुखावले असल्यास उत्तम क्षमा.' एकदम दोनशे बारा जणांना गेला. दरवर्षी धैर्यशील लिहितो, केली क्षमा, जेवाय काय हाय?

यंदा लिहिलं, "कशाबद्दल?"

"सगळ्यांनाच जातो रं हा."

मग, "पप्पूलाबी धाडलास का?"

पप्पूचा नंबर माझ्याकडे नव्हता.

सकाळी तो पहिल्या एसटीने दारात. डोळ्यावर हिरवी पट्टी. आत ये म्हटलं तर आला नाही.

"पप्पू माझ्या उजव्या अंगाला हुता. मार डावीकडनं आला. दोन म्हैने वाट बघतोय, तू कवा बोलतोस ते. आन् तू केळी आणतोस!"

सांगितलं. पहिला चुकून लागला.

"आन् दुसरा?"

"दुसरा... दिसत होतं मला."

ओट्यावर पाण्याने भरलेला तांब्या होता. तो त्याने माझ्या तोंडावर हाणला. पुढचे दोन दात जिभेवर आले. मी हात पाठीमागे धरले. माझी आई, आक्काताई, आतून ओरडत आली. "आरं धैर्यशील, मारतोस का काय त्याला!"

हात वर होता. एका डोळ्याने तो माझ्याकडे नीट बघत होता.

दुसराही मारला.

मग तांब्या खाली ठेवला. "काकू, ह्याला फडकं द्या. कराडला निघायचंय."

एसटीत तो खिडकीशी बसला, मी त्याच्या डावीकडे. त्या बाजूचं त्याला आता काहीच दिसत नाही. फडकं भिजून मांडीवर ठिबकत होतं. इस्लामपूर गेलं.

"पुढं काय हुतं रं त्यात?" एकदम म्हणाला.

"कशात?"

"कुऱ्हाडीच्यात."

"मी न्हाई बघितला."

"हूं."

ठाण्यात तोच हवालदार होता. मी सांगितलं, पप्पूने नाही मारलं, मी मारलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग धैर्यशीलकडे.

"तवा तर अंधार हुता म्हणालास."

"पडदा पांढरा झाला होता," मी म्हणालो.