पितळेचा कॉक

समुद्री पाण्याच्या पेटीत मीठ किती, दगड किती, आणि काय काय चालत नाही, हे धाकट्याने कागदावर लिहून दिलं तेव्हाच मिस्त्रींचं डोकं फिरलं होतं. चाळीस वर्षं ज्याने लोकांच्या घरात पाणी खेळवलं त्याला पाणी शिकवणार कोण, तर शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या पुसणारा सख्खा धाकटा भाऊ. मिस्त्रींनी दोन ओळी वाचल्या, कागदाची चौपदरी घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. त्या दिवसापासून टेबल मात्र हललं नाही.

राग मिस्त्रींच्या नाकाच्या शेंड्यावरच असे. गिऱ्हाइकं त्यांचा राग सोसत, कारण त्यांनी जोडलेला सांधा गळत नसे. एकदाच गळला, आणि तोही नेमका धाकट्याच्या न्हाणीघरात. धाकट्याने भावाला न कळवता दुसरा मिस्त्री बोलावला. हा दुसरा म्हणजे मिशीवाला, ज्याचं नाव काढलं तरी मिस्त्रींच्या हातातला चहा निवायचा. झालं. तीन वर्षं भावाभावांत बोलणं नाही. रस्त्यात समोरासमोर आले तर मिस्त्री चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकायचे, आणि तो पुढे जाईपर्यंत अंगठा काही नीट व्हायचा नाही.

मग धाकट्याला घर बदलावं लागलं. नवीन जागा वरच्या मजल्यावर, जमीन लाकडाची. घरमालकाने पाण्याची पेटी चढवू देणार नाही म्हणून निक्षून सांगितलं. चार फुटांची काचेची पेटी होती ती. तिच्यात धाकट्याने समुद्र पाळला होता, आणि समुद्रात एक पोवळं. अंगठ्याएवढा तुकडा आणलेला, तो अकरा वर्षांत फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा झाला होता. धाकट्याला मूलबाळ नव्हतं. पोवळं होतं.

तो मिस्त्रींच्या दारात येऊन उभा राहिला. "दादा, पेटी तू घे. पोवळं तुझ्याकडे राहू दे. आणि पाइप तूच जोड. दुसऱ्या कोणाचा हात मी लागू देणार नाही."

शेवटच्या वाक्याने काम केलं. मिस्त्री "बघतो" म्हणाले आणि मोरीवर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले. त्यांच्या बायकोने न विचारता दोन कप चहा टाकला.

पेटी जुनी होती. कोपऱ्यांतला चिकट रबर काळा पडलेला, समोरच्या काचेवर ओरखडे. दोघा भावांनी मिळून पात्याने जुना रबर खरवडून काढला, नवीन भरला, वाळू दिला. मग साधं पाणी भरून खाली वर्तमानपत्र पसरलं आणि दोन दिवस वाट पाहिली. एक थेंब पडला नाही. मिस्त्रींनी तो कोरडा कागद बायकोला दाखवला, शेजाऱ्यालाही दाखवला.

मग पाइप. वरच्या पेटीतलं पाणी खाली कपाटातल्या छोट्या टाकीत उतरणार, तिथून पंप ते परत वर ढकलणार. वर जाणाऱ्या पाइपवर पाणी कमीजास्त करायला कॉक हवा. मिस्त्रींनी आपल्या पेटाऱ्यातून फडक्यात गुंडाळलेला कॉक काढला. जुन्या घडणीचा, भरीव पितळेचा, हातात घेतला तर मनगट खाली जाईल असा. चांगल्या कामासाठी म्हणून त्यांनी तो वीस वर्षं जपला होता. तो त्यांनी चिंच लावून घासला होता. त्याच्याखाली जोडाचा आखूड तुकडा, पितळेचंच निपल, बसवलं, आट्यांवर टेप गुंडाळला, पाना फिरवला. लग्नाच्या अंगठीइतका तो त्या पाइपवर शोभत होता.

धाकट्याने कॉकवर बोट ठेवलं. "दादा, हा कॉक..."

"काय हा कॉक?"

"नाही, म्हणजे खाऱ्या पाण्यात..."

"मिशीवाल्याला बोलावू का? त्याला जास्त कळतं ना?"

धाकट्याने बोट काढून घेतलं. मग तो फडकं घेऊन काच पुसत बसला, पुसलेलीच काच पुन्हा पुन्हा. मिस्त्रींनी कपाटाचं दार लावलं, आणि कॉक दाराआड गेला.

पुढचे दीड महिने काही करायचं नव्हतं. बादलीत मीठ कालवायचं, काचेची नळी बुडवून खारटपणा मोजायचा, सच्छिद्र दगड रचायचे आणि थांबायचं. पाणी साफ करणारे जीव त्या दगडांच्या भोकांत वाढतात, त्यांची वाट पाहायची. मिस्त्रींना थांबायची सवय नव्हती. पण ते रोज संध्याकाळी कामावरून आले की पेटीसमोर स्टूल टाकून बसायचे आणि नुसत्या दगडांकडे बघायचे. बायको म्हणायची, "एवढं माझ्याकडे बघितलं असतंत तर." मिस्त्री हसायचे. ती हे शेजारणीला सांगायची, की हल्ली हे हसतात.

तोवर एका ओळखीच्याच्या टाकीत ठेवलेलं पोवळं आलं, सोबत शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई. दुसऱ्या दिवशी त्याने आपली शेकडो बोटं बाहेर काढली आणि पाण्यात हलवायला सुरुवात केली. धाकटा दर रविवारी यायचा. दोघे भाऊ शेजारी बसून चहा प्यायचे आणि अर्धा अर्धा तास एक शब्द बोलायचे नाहीत. तीन वर्षं न बोलण्यापेक्षा हे न बोलणं वेगळं होतं.

आणि मग मरायला लागलं. आधी गोगलगाई. सकाळी उठून पाहावं तर दोन काचेवरून खाली पडलेल्या, तोंडं उघडी. मग आणखी तीन. मग पोवळ्याने बोटं आत ओढून घेतली, आणि चौथ्या दिवशी त्याची एक कड चुन्यासारखी पांढरी दिसू लागली.

मिस्त्रींनी आधी बायकोवर तोंडसुख घेतलं: फरशी पुसायचं औषध तिने पेटीजवळ नेलंच कसं. मग विजेवर. मग मीठ विकणाऱ्या दुकानदारावर, त्याच्या दुकानात जाऊन, चार गिऱ्हाइकांसमोर. दुकानदार थंड डोक्याचा होता. त्याने विचारलं, "पेटी नवी की जुनी?"

"भावाची आहे. जुनी."

"मग तपासा. मासे आजारी पडले की लोक पाण्यात तांब्याचं औषध घालतात. माशांना चालतं, पण ते पेटीत मुरतं. पुढे गोगलगाई आणि पोवळी त्यानेच जातात. विकताना कोणी सांगत नाही."

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेटीत अकरा वर्षं तेच पोवळं सुखाने वाढलं होतं, तर विष आलं कुठून, हा साधा प्रश्न त्यांना पडला नाही. मुरायला जुना रबरही उरला नव्हता, तो त्यांनी स्वतःच्या हाताने खरवडला होता. पण रागाला माणूस सापडला की त्याला बाकी काही लागत नाही.

ते तसेच शाळेत गेले. प्रयोगशाळेत धाकटा परीक्षानळ्या स्टँडवर लावत होता, बाजूला दोन शिक्षिका वह्या तपासत होत्या. मिस्त्रींनी खिशातून प्लॅस्टिकचा डबा काढला आणि मेलेल्या गोगलगाई टेबलावर ओतल्या. वास पसरला.

"औषध घातलं होतंस ना पेटीत?"

"कसलं औषध?"

"तांब्याचं. घालून मला दिलीस. तुझ्या घराबाहेर काढायची होती म्हणून माझ्या गळ्यात मारलीस."

"दादा, मी कधी एक थेंब..." धाकट्याचा आवाज खाली गेला. "गोगलगाई मेल्या? पोवळं कसं आहे?"

"मरतंय. तूच मारलंस. तीन वर्षांपूर्वी सांध्यावरून माझी लाज काढलीस, आता ही पेटी देऊन काढलीस. तुझ्यासारखा भाऊ असण्यापेक्षा नसलेला बरा."

शिक्षिका वह्या उचलून बाहेर गेल्या. धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. एकेक गोगलगाय उचलून तो परत डब्यात भरू लागला. मग एकच विचारलं, "तो कॉक बदललास ना?"

"कॉकचं काय मध्येच?" मिस्त्री ओरडले, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले.

त्या दुपारी ते कामावर असताना धाकटा झाकणाची बादली घेऊन घरी आला आणि पोवळं घेऊन गेला. वहिनीने चहा विचारला, तो नको म्हणाला. कपाट त्याने उघडलं नाही, पेटीकडे दुसऱ्यांदा पाहिलंही नाही.

संध्याकाळी मिस्त्रींना रिकामी जागा दिसली आणि त्यांनी डोक्यात राख घातली. ही पेटी आजच्या आज फुटपाथवर. त्यांनी नळी लावून पाणी मोरीत सोडलं, पंप उपटला, पाना घेतला आणि कपाटाचं दार उघडलं. कॉक मात्र ते टाकणार नव्हते. तो त्यांचा होता.

कॉकच्या तोंडाशी हिरवी पपडी धरली होती. त्यांनी तो फिरवून निपलवरून काढला आणि सवयीने आतून बोट फिरवलं. मग दिव्याखाली नेला.

आतली पिवळी कांती गेली होती. त्या जागी गुलाबी, खडबडीत, उकरल्यासारखा धातू होता. हे मिस्त्रींना कोणी सांगायला नको होतं. उभ्या आयुष्यात त्यांनी असे शंभर कॉक काढले होते आणि दरवेळी गिऱ्हाइकाला ऐकवलं होतं: बघा, वाईट पाण्याने पितळ खाल्लं, जस्त वाहून गेलं, उरलं ते तांबं. आणि तांबंही हळूहळू पाण्यात जातं. शहाण्या माणसाने इथे पितळ लावायचं नसतं.

ते जमिनीवर बसले. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने त्यांच्या हातातला कॉक पाहिला, आत गेली, कपाटाचा खण उघडल्याचा आवाज आला. ती परत आली आणि एक कागदी पिशवी त्यांच्यापुढे ठेवली. पिशवीत प्लॅस्टिकचा कॉक होता, निपलसकट, कोरा.

"भाऊजींनी दिला होता. खारं पाणी भरायच्या आधी. म्हणाले, दादाला सांगा, बदलून टाक."

"मग सांगितलं का नाहीस?" मिस्त्री ओरडले. घरात भांडं पडावं तसा आवाज झाला.

बायको घाबरली नाही. नेहमी घाबरायची, आज नाही.

"हे असं विचारता ना," ती म्हणाली, "म्हणून."

इतके दिवस तो कॉक खणात होता. तिला रोज वाटलं असेल, आज सांगू, आज जरा खुशीत आहेत. आणि ते खुशीत होते म्हणूनच तिने सांगितलं नसेल. स्वतःचा त्यांना इतका संताप आला की हातातला पाना भिंतीवर मारावासा वाटला. पण तेही त्यांनी आजवर पुष्कळदा केलं होतं. त्यांनी पाना खाली ठेवला.

त्याच रात्री मिस्त्री धाकट्याच्या नव्या घरी गेले. त्याने दार अर्धंच उघडलं. आतमध्ये खिडकीशी बादली होती, तिच्यात हवेचा पंप बुडबुडत होता. मिस्त्रींनी पितळेचा कॉक त्याच्या हातात दिला, आतली बाजू वर करून.

धाकट्याने तो पाहिला. मग तो, ज्याचा आवाज शाळेत कोणी कधी ऐकला नव्हता, तो ओरडला. "अकरा वर्षं, दादा. अकरा वर्षं मी ते वाढवलं. मी बोट ठेवून सांगत होतो. कागदावर लिहिलं होतं, तिसरी ओळ, तांबं नको, पितळ नको. कॉक आणून दिला. मला वाटलं, एवढं तरी ऐकशील. आणि शाळेत येऊन तू माझ्या तोंडावर मेलेल्या गोगलगाई ओततोस?"

खालच्या मजल्यावरचं कोणीतरी जिन्यात डोकावलं. मिस्त्री मान खाली घालून उभे राहिले. चपलेचा अंगठा ठीक होता, तरी ते त्याच्याकडेच बघत होते.

"किती गेलं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"अर्धं."

"उरलेलं?"

"पेटी नीट झाली तर जगेल. दगडांत तांबं मुरलंय, ते टाकून द्यावे लागतील. काच धुवावी लागेल. नवं पाणी. आणि महिनाभर पुन्हा थांबायचं, तोवर हे दुकानदाराच्या टाकीत ठेवीन."

"पाइपसाठी मिशीवाल्याला बोलाव," मिस्त्री म्हणाले. "माझ्या हाताने नको."

धाकट्याला वाटलं भाऊ टोमणा मारतोय. त्याने नीट पाहिलं. टोमणा नव्हता.

रविवारी मिशीवाला आला. मिस्त्रींच्या घरात, मिस्त्रींच्या कपाटासमोर उकिडवा बसला आणि बॅटरी मारून आत डोकं घातलं. मिस्त्री मागे उभे होते, दात आवळून. बायको दारात आली. जुनं निपल अजून पाइपवरच होतं.

"हे पितळेचं आहे," कपाटातून आवाज आला. "खाऱ्या पाण्याला पितळ? कोणी बसवलं हे?"

धाकट्याने घसा खाकरला. तो भावाला सांभाळून घेणार, आधीच्या घरातलंच आहे असं काहीतरी सांगणार, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मी बसवलं," मिस्त्री म्हणाले. "याने नको सांगितलं होतं, तरी बसवलं."

मिशीवाल्याने डोकं बाहेर काढून त्यांच्याकडे पाहिलं, पण हसला नाही. मग हात पुढे करून त्याने पाना मागितला, आणि मिस्त्रींनी आपला दिला.