आपली गाडी आपण ढकलायची

आमच्या कार्टच्या, म्हणजे शर्यतीच्या बुटक्या गाड्यांच्या, ट्रॅकवर एक रीत आहे. स्वतःच्या चुकीने गाडी बंद पडली, तर ती स्वतः ढकलत परत आणायची, आणि तीही माझ्या फ्रिटच्या, तळलेल्या बटाट्यांच्या, गाडीसमोरून. तिथे बाकांवर सगळे खात बसलेले असतात. ढकलणारा दिसला की जो तो टेबल बडवायला लागतो. सुरुवात माझी, झाऱ्याने, काउंटरच्या पत्र्यावर. ही रीत कुणी पाडली ते मला विचारू नका, मी इथे बटाटे तळायला आले त्याच्याही आधीची आहे. ढकलणारा रडला तरी चालतं, पण त्याच्या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

फेमके माझ्या बहिणीची मुलगी. पहिल्यांदा या बाकांसमोरून गेली तेव्हा हेल्मेटच तेवढं दिसत होतं, आत पोरगी आहे की नाही अशी शंका यावी. पावसात गरकन फिरून गवतात शिरली होती. तिचा बाप योस हाच तिचा मेकॅनिक. तो धावत गेला आणि मागून जोर लावायला लागला. तिने त्याच्या हातावर चापट मारली.

"बाबा, सोड. माझी आहे."

मी झारा बडवला, सगळ्यांनी टेबलं बडवली, आणि ती नाक ओढत, चिखलात पाय रोवत कार्ट घेऊन गेली. योस दिवसभर आपला हात लोकांना दाखवत फिरत होता, जणू काही बक्षीसच मिळालंय.

पुढची वर्षं मी उगाळत बसत नाही. आमच्याकडे लिंबुर्गात पावसाला तोटा नाही, आणि फेमकेला पाऊस मानवायचा. बाकीची पोरं कोरड्यात जिथून जायची तिथूनच ओल्यातही जायची आणि रबराने गुळगुळीत झालेल्या रस्त्यावर घसरायची. ही वळणाच्या बाहेरून, जिथे कुणी फिरकत नाही तिथून जायची. बरगड्या निळ्या झाल्या, एकदा एक मोडलीही, पण सोळाव्या वर्षी देशात तिच्यापुढे कार्टमध्ये कुणी उरलं नव्हतं. तेव्हा देक्लर्क साहेब आले.

हे अँटवर्पचे. उघड्या चाकांच्या लांब गाड्यांचा त्यांचा संघ होता. अशा गाडीत बसल्याशिवाय पुढचं काही मिळत नाही हे आमच्या ट्रॅकवरचं शेंबडं पोरही सांगेल. साहेब चकचकीत बूट घालून आले आणि माझ्याकडून फ्रिट घेतले. मेयोनीज नको म्हणाले. त्या क्षणापासून हा माणूस माझ्या मनातून उतरला, पण योसने मला डोळे दाखवले म्हणून गप्प बसले.

"आजपासून कार्ट बंद," साहेब फेमकेला म्हणाले. "कार्टच्या सवयी माझ्या गाडीत नकोत. करारातही तसं आहे."

"सगळ्या सवयी वाईट असतात का?" तिने विचारलं.

"तुला कळेल," साहेब म्हणाले.

कळलं, पण वेगळंच. फेमके ज्या कार्टवर वाढली तिला क्लच नव्हता. सगळ्या कार्ट रांगेत हळूहळू पळत यायच्या आणि दिवा बदलला की सुटायच्या. उभं राहून सुटायचं असतं हे तिच्या अंगाला ठाऊकच नव्हतं. या लांब गाड्या मात्र आधी जागेवर थांबतात, दिवे विझतात, आणि स्टिअरिंगमागचा क्लचचा पट्टा बोटांनी सोडत निघायचं असतं. घाईने सोडला की इंजिन मेलं.

डच समुद्रकाठच्या शर्यतीत ते मेलं. सगळ्या गाड्या तिच्या दोन्ही अंगांनी निघून गेल्या आणि ती मधोमध उभी. नंतर जर्मनीत पुन्हा तेच. नारिंगी कपड्यांतली चार माणसं आली आणि तिची गाडी ढकलत बाजूला घेऊन गेली. ती आत बसलेली. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. इंजिन बंद पडल्याचं तिला एवढं लागलं नाही, जेवढं त्या चार माणसांचं लागलं. मी तिला ओळखते.

त्या रविवारी ती आमच्याकडे आली तर बाकांवरची मंडळी टपूनच बसलेली.

"काय गं फेमके," म्हातारा नोल म्हणाला, "टीव्हीवर दिसलीस. उभी छान राहतेस."

"ढकलायच्या दोन फेऱ्या बाकी आहेत तुझ्या," मागून कुणीतरी ओरडलं.

"देईन की," ती म्हणाली. "आधी एकदा नीट सुटते, मग दोन्ही एकदम देते. तोवर खा आणि गप्प बसा."

बोलली झोकात, पण फ्रिट तसेच टाकून गाडीमागे माझ्याकडे आली. साहेबांनी सांगितलं होतं, वर्षातली शेवटची शर्यत उरली आहे, अर्डेनच्या जंगलातल्या मोठ्या ट्रॅकवर. तिथे तिसऱ्यांदा इंजिन मेलं तर पुढच्या वर्षी ती गाडीत नाही. तिच्या जागी बसायला लोक तयार होते. आणि संघातून एकदा हाकललेल्या पोरीला दुसरा कोण विचारणार?

"मावशी, मला पडद्यावरचे आकडे बघायला सांगतात," ती म्हणाली. "पट्टा इतका सोड, मग तितका सोड. मी आकडे बघते आणि गाडी मरते."

"मग नको बघूस."

"मग काय बघू?"

मला क्लचमधलं ओ की ठो कळत नाही. पण नोल बाकावरून ऐकत होता. त्याच्याकडे गिअरवाली कार्ट होती, क्लचची, उभं राहून सुटणारी.

"सोमवारी ट्रॅक बंद असतो," तो म्हणाला. "किल्ली लिव्हकडे असते."

लिव्ह म्हणजे मी.

योसचा चेहरा उतरला. "करारात लिहिलंय, फेमके. कार्टमध्ये बसायचं नाही."

"करारात सुटायचं कसं ते लिहिलंय का?"

सोमवारी योसच हत्यारांची पेटी घेऊन सगळ्यांच्या आधी आला होता.

पहिल्यांदा कार्ट जागेवर मेली. दुसऱ्यांदा मेली. माझा झारा आपोआप वर गेला.

"मावशी, आज नाही," ती म्हणाली. "आज शाळा आहे."

त्या कार्टला पडदाच नव्हता. आकडे बघायचे म्हटलं तरी कुठे बघणार? कार्टला स्प्रिंगही नसते, इंजिन जे काही करतं ते थेट पाठीत येतं. दुपार कलली तेव्हा ती डोळे मिटून सुटायला लागली. खरंच मिटून. योस ओरडत होता, नोल हसत होता. एकदा थांबून ती म्हणाली, "क्लच धरायच्या आधी गाडी जरा दबते, बाबा. कमरेत कळतं. तेव्हा सोडायचं." मग ती अंधार पडेपर्यंत सुटत राहिली, नोलचा क्लच जळका वास मारेपर्यंत. नोल म्हणाला, जळू दे.

अर्डेनमध्ये पाऊस होता. घरच्यांना गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात उभं करतात आणि कानाला हेडफोन देतात, म्हणजे रेडिओवरचं सगळं ऐकू येतं. पाऊस इतका, की शर्यत पुढे चालणाऱ्या आयोजकांच्या गाडीच्या मागून, पळत-पळतच सुरू करायची ठरली. आमच्या कार्टसारखी. योसने माझा दंड दाबला. साहेबसुद्धा हसले, म्हणाले, "चला, आज तो प्रश्न मिटला."

फेमके सहाव्या जागेवरून निघाली आणि बाहेरून, जिथे कुणी फिरकत नाही तिथून, एकेकाला गाठत पहिली झाली. मी ओरडत नाही सहसा. तेव्हा ओरडले.

मग मागे दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या. पोरं धडधाकट होती, पण रस्ताभर तुकडे पसरले, म्हणून शर्यत थांबली. सगळ्या गाड्या गॅरेजसमोरच्या गल्लीत येऊन उभ्या राहिल्या, सगळ्यांत पुढे आमची. पाऊस ओसरला. आणि निरोप आला: पुन्हा सुरुवात होईल ती जागेवर उभं राहून.

साहेबांच्या तोंडावरचं हसू गेलं. त्यांनी माइक तोंडाजवळ ओढला.

"फेमके, बाकीच्यांना जाऊ दे. तू गल्लीतच थांब. सगळे सुटले की मागून नीघ. शेवटची राहशील, पण गाडी चालू राहील."

"मी पहिली आहे, साहेब."

"पुन्हा उभी राहिलीस तर पहिलीही नाहीस आणि संघातही नाहीस. थांब."

गल्लीच्या तोंडाशी हिरवा दिवा लागला. योसने डोळ्यांवर हात ठेवला. मी माझा हात तोंडावर दाबला, नाहीतर त्या साहेबाला मी तिथेच काहीतरी सुनावलं असतं.

"फेमके, ऐकू येतंय का?"

"सगळं ऐकू येतंय," ती म्हणाली. "थांबत नाही."

आणि ती बाहेर पडली. एक फेरी मारून सगळ्यांच्या पुढे आपल्या चौकोनात जाऊन उभी राहिली, एकटीच्या समोर नुसता ओला रस्ता. साहेबांनी हेडफोन काढून टेबलावर आपटला. मी माझा काढला नाही. त्यात काहीच येत नव्हतं, तिचा श्वास तेवढा. दिवे एकेक करून लागले. मला माहीत होतं की आत ती पडद्याकडे बघत नाहीये.

दिवे विझले आणि ती गेली. इतकी साधी गोष्ट. चाकं जराशी जागेवर फिरली, मग त्यांनी रस्ता धरला, आणि पहिल्या वळणावर तिच्या शेजारी कुणी नव्हतं. योस खाली बसला, चक्क जमिनीवर, आणि रडला. मी त्याला रडू दिलं.

पहिली नाही आली, दुसरी आली. शेवटच्या फेरीत चढावरच्या लांब रस्त्यावर एका डच पोराने गाठलं, आणि ती गाडीतून उतरली तेव्हा रागाने लाल होती. साहेब मात्र तिच्याकडे हात पुढे करत आले.

"कुठे शिकलीस हे?"

"कार्टमध्ये."

"मी कार्ट बंद सांगितलं होतं."

"तुम्ही बंद सांगितलं म्हणूनच इतका वेळ लागला," ती म्हणाली आणि हेल्मेट घेऊन चालू पडली.

पुढच्या रविवारी साहेब आमच्या ट्रॅकवर आले, बगलेत नवा करार, मागे त्यांचा एक तरुण मदतनीस. फेमके तेव्हा कामात होती. नोलची कार्ट ढकलत बाकांसमोरून चालली होती, शब्द दिल्याप्रमाणे, एक फेरी डच समुद्रकाठची आणि एक जर्मनीची. टेबलं अशी वाजत होती की माझ्या बरण्या हलल्या. साहेबांना काही कळेना.

दुसरी फेरी संपवून ती घाम पुसत त्यांच्यासमोर आली.

"पुढचं वर्ष तुझं," साहेब म्हणाले. "सही कर."

"कार्टबद्दलची ओळ?"

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि ती ओळ खोडली. ती हे मागणार हे त्यांना बहुधा आधीच ठाऊक होतं.

"अजून एक," ती म्हणाली. "इथे चुकीने गाडी बंद पाडणारा स्वतः ढकलतो. अर्डेनला मला गल्लीत थांबवून माझी गाडी बंद पाडायला निघाला होतात तुम्ही. तिसरी फेरी तुमची."

"ती बंद कुठे पडली?"

"मी पडू दिली नाही म्हणून."

बाकांवर कुणी घास चावत नव्हतं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, करारावरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडून काही मदत मिळणार नाही हे त्यांना दिसलं असावं. त्यांनी कोट काढून बाकावर ठेवला आणि वाकून नोलच्या कार्टला हात लावला. चिखलात ते चकचकीत बूट घोट्यापर्यंत गेले आणि कार्ट जागची हलेना. तो मदतनीस पळत आला, मागून जोर लावायला.

फेमके मध्ये उभी राहिली.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "त्यांची आहे."

मी झारा उचलला.