जिला दुखतं, तिने धुवायचं

धुलाईखान्यात एक नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता, म्हणूनच सगळ्या पाळत होत्या. व्हॉलीबॉलच्या टीममधली जी बाई "दुखतंय" म्हणेल, तिने सगळ्या टीमच्या जर्सी धुवायच्या. दिवसभर हॉटेलच्या चादरी आणि टॉवेल धुऊन ज्यांच्या बोटांची सालं निघतात, त्यांना आणखी धुणं म्हणजे काय, हे सांगायला नको. पण खरी शिक्षा धुण्याची नव्हतीच. धुताना बाकीच्या जणी भोवती उभ्या राहून "आजीबाई, काठी आणू का?" म्हणायच्या, ती होती.

नियम सुपरवायझरच्या सुपीक डोक्यातून निघालेला. त्याच्या गळ्यात कायम शिट्टी असे, कामावरही आणि खेळातही, म्हणून मागून सगळ्या त्याला शिट्टीच म्हणत. "मला रडूबाया नकोत," हे त्याचं आवडतं वाक्य. स्वतः त्याने उभ्या जन्मात एकही उडी मारली नसावी. टेबलावरून पेन पडलं तरी दुसऱ्याला उचलायला सांगणारा माणूस तो.

थोरलीला संशय आला तो घडीच्या टेबलापाशी. थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. एकाच घरात राहायच्या आणि इथेही एकाच टेबलावर काम करायच्या. चादरीची दोन टोकं थोरलीच्या हातात, दोन धाकटीच्या. घडी घालायला दोघींनी एकमेकींकडे चालत यायचं असतं. त्या दिवशी धाकटी जागची हललीच नाही. एका पायावर उभी, बगळ्यासारखी.

"ये की पुढे. का आमंत्रण पाठवू?"

"तुम्हीच या ना ताई. तुम्ही थोरल्या."

"म्हणजे म्हातारीने चालायचं आणि तरणीने उभं राहायचं? वा!"

धाकटी हसली, पण पाऊल काही उचललं नाही. थोरलीने चादर टेबलावर टाकली, वाकली आणि तिच्या पँटचा पाय सरळ वर ओढला. आत गार पाण्यात भिजवलेला हॉटेलचा टॉवेल गुंडाळलेला, आणि त्याच्या आत गुडघा नव्हताच. गुडघ्याच्या जागी कुणीतरी भोपळा बसवला होता.

"कधी झालं हे?"

"मागच्या सरावाला. उडी मारून खाली आले, तर आतून खट् झालं."

"एका पायावर उतरलीस."

"बॉल तिकडे होता, ताई."

"आणि पाय ताठ ठेवून उतरलीस. किती वेळा सांगितलं, दोन्ही पायांवर ये, गुडघे वाकव."

"तुम्ही बॉलकडे बघत होता की माझ्या पायांकडे?"

"मी तुझ्याकडेच बघते. बॉलला बघायला बाकीच्या आहेत."

हे खरंच होतं. नेटजवळ उभं राहून बॉल अलगद वर उचलून द्यायचा, हे थोरलीचं काम, आणि उडी मारून तो पलीकडे आपटायचा, हे धाकटीचं. कुठल्या क्षणी तिचे पाय जमीन सोडणार, हे थोरलीला न बघता कळायचं. आणि जमीन कसली, तर मागच्या अंगणातली फरशी, जिथे चादरींचे गठ्ठे उतरवायच्या गाड्या लागतात. साबणाचं पाणी तिथूनच वाहतं. खेळायच्या आधी कोरडी करून घ्या म्हटलं, तर शिट्टी म्हणे, "पळालात की आपोआप वाळेल." थोडं अंग मोकळं करू म्हटलं, तर म्हणे, "अंग गरम करायचंय? बॉयलरपाशी जाऊन उभ्या राहा." आणि यावर सगळ्या हसायच्या. थोरलीही हसायची. आता तो भोपळा हातात धरून बसल्यावर तिला ते सगळं हसणं घशाशी आलं.

तिने धाकटीला ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी गुडघा इकडेतिकडे वळवून पाहिला. "पूर्ण तुटलेलं नाही, नशीब समजा. सूज उतरून पायात जोर येईपर्यंत उडी बंद. पुन्हा असंच उतरलात, तर आतली दोरी तुटेल. मग उडी राहू द्या, जिना उतरतानाही कठड्याची परवानगी घ्यावी लागेल."

बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "रविवारी हॉटेलच्या बेकरीवाल्यांशी फायनल आहे."

"असू दे."

"मी खेळणार."

"कानात बोळे होते का तुझ्या आत्ता?"

"ताई, घरात मी धाकटी, कामावर मी धाकटी. हे आण, ते उचल, तू गप्प बस. नेटपाशी मी सगळ्यांत उंच असते." ती भिंतीला धरून उभी होती. "तिथे आजीबाई नाही व्हायचं मला. तुम्ही कुणाला बोललात, तर मी नाही म्हणेन."

थोरलीला तिची दयाही आली आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली. दोन्ही एकदम वाटणं, म्हणजेच बहुधा जाऊ असणं.

तरी ती बोललीच. दुसऱ्या दिवशी शिट्टी मशीनच्या रांगेतून फिरत होता, तिथेच त्याला गाठला. "साहेब, धाकटी रविवारी नाही खेळणार. गुडघा गेलाय तिचा."

शिट्टीने भुवई वर केली. "तिने म्हटलंय?"

"मी म्हणतेय. डॉक्टर म्हणतायत."

"गुडघा डॉक्टरचा आहे का? जिला दुखतं, तिने म्हणायचं. नियम म्हणजे नियम." आणि त्याने तिथूनच, मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून विचारलं, "काय गं उंटिणी, दुखतंय का तुला?"

सगळ्यांच्या माना वळल्या. धाकटीने टॉवेलांची थप्पी छातीशी धरली. "नाही साहेब. कुठे काय?"

"बघा," शिट्टी थोरलीला म्हणाला. "तुम्हाला उगाच नसती काळजी. वयामुळे होतं तसं."

थोरली परत आपल्या टेबलाशी आली. त्या दिवशी तिने घातलेल्या घड्यांच्या कडा सुरीसारख्या होत्या. शेजारची इस्त्रीवाली मामी पुटपुटली, "सोड गं. माझं बोटही बॉल लागून कधीचं वाकडं झालंय. मी बोलले का?" आणि तिने खिशातून हात काढून दाखवला. मधलं बोट काळंनिळं, पेराशी सुजलेलं. तसल्या बोटाने बाई रोज तापलेली इस्त्री धरत होती, आणि वर "मी बोलले का?" हे अभिमानाने विचारत होती! थोरलीला कळेना, आधी कुणाचं डोकं फोडावं.

रविवारी मागच्या अंगणात ऊन रणरणत होतं. हॉटेलचे मोठे साहेब पाहुणे म्हणून आलेले, मंडपाखाली बसलेले. दोन्ही टीम टीशर्टवर जर्सी चढवून उन्हात रांगेत. साहेबांनी खेळाचं आरोग्यातलं महत्त्व सांगायला घेतलं आणि ते सांगतच राहिले. बेकरीवाल्या जणी पाठीमागे हळूच पाय झटकत होत्या, खांदे फिरवत होत्या. त्यातली एक गुडघ्यांचे पट्टे सारखे करत होती. धुलाईखान्याच्या बायका मात्र खांबासारख्या ताठ, कारण शिट्टीने सांगितलं होतं, चुळबूळ दिसता कामा नये. टाळ्या वाजल्या. शिट्टीने शिट्टी फुंकली. "चला, सरळ खेळायला! साहेबांना वेळ नाही."

धाकटी नेटकडे निघाली. एक पाऊल ठीक, एक पाऊल उसनं. नेटच्या खाली फरशीवर पाण्याचा एक ओघळ चमकत होता, तो कुणी पुसला नव्हता.

थोरलीचं डोकं सटकलं.

"दुखतंय!" ती ओरडली.

शिट्टी धावत आला. "आता तुम्हाला काय झालं?"

"दुखतंय मला."

"कुठे?"

"डोक्यात जाताय तुम्ही, तिथे."

मंडपातून कुणीतरी फिसकन हसलं. शिट्टी दात आवळून म्हणाला, "बरं, बरं, आजीबाई. बसा बाजूला. जर्सी नंतर धुवा."

"नंतर? नियमात नंतर कुठे आहे? जी म्हणेल तिने धुवायच्या. मी म्हटलं." तिने कोपऱ्यातली कपड्यांची ढकलगाडी ओढून आणली, आपली जर्सी डोक्यावरून काढून तिच्यात फेकली. आतला जुना टीशर्ट घामाने ओला झाला होता. "काढा गं सगळ्या."

मग इस्त्रीवाल्या मामीने त्या वाकड्या बोटासकट जर्सी काढायला घेतली. ती बाहीत अडकली. "आई गं!" मामी एवढ्या मोठ्याने कळवळली, की तिची तीच दचकली. तिच्या मागून आणखी दोघींनी काढल्या. धाकटी तेवढी तशीच उभी होती, मुठी आवळून. थोरलीने पुढे जाऊन, लहान मुलीचा फ्रॉक काढावा तशी तिची जर्सी काढून घेतली आणि गाडी ढकलत आत गेली.

शिट्टी पोचेपर्यंत सगळ्यात मोठं मशीन पाणी घ्यायला लागलं होतं. त्याने दाराची कडी ओढून पाहिली.

"उघडणार नाही," थोरली म्हणाली. "धुणं झाल्याशिवाय हे दार उघडत नाही, तुम्हीच शिकवलंत आम्हाला. आणि चांगलं उकळत्या पाण्याचं लावलंय. डाग फार जुने आहेत."

"हाताने धुवायच्या असतात!"

"कुठे लिहिलंय?"

बाहेरून पंचांचा आवाज आला, धुलाईखाना खेळायला उतरला नाही, बेकरीची टीम विजयी. शिट्टी धावत बाहेर गेला, बहुधा साहेबांसाठी तोंडावर हसू शोधत.

मग धाकटी आली. रागाने लाल, भिंतीला धरत.

"काय मिळालं तुम्हाला? माझी फायनल होती ती! तुमची नाही, माझी!"

"हो."

"सगळ्यांसमोर माझी जर्सी काढलीत!"

"हो. आणखी वर्षभर बोलू नकोस माझ्याशी. पण बोलायचं नसेल तेव्हा उठून निघून जाता आलं पाहिजे तुला, दोन्ही पायांनी."

धाकटी काहीतरी म्हणायला गेली आणि तिचा पाय मुडपला. मशीनच्या कडेला धरून ती खाली बसली. काचेआड जर्सी एकमेकींत गुंतून गरगरत होत्या. धाकटी काहीतरी पुटपुटली.

"मोठ्याने म्हण," थोरली म्हणाली.

"तुम्ही ऐकलंत."

"मी ऐकलं गं. बाहेर ऐकू गेलं पाहिजे."

"दुखतंय!" धाकटी ओरडली, इतक्या रागाने की दारात घोळका करून उभ्या असलेल्या बायका मागे सरकल्या. "दुखतंय, दुखतंय, जिना उतरताना दुखतंय, झोपेत कूस बदलताना दुखतंय, झालं समाधान?"

"आजीबाई" म्हणायला कुणीच पुढे आलं नाही. मामी आपलं बोट फुंकत उभी होती.

थोरलीने स्टूल ओढून धाकटीचा पाय उचलून त्यावर ठेवला, बर्फाच्या पाण्यातून टॉवेल पिळून गुडघ्यावर टाकला.

"म्हटलंस ना? मग नियमाने अर्ध्या जर्सी तुझ्या," ती म्हणाली. "मी वाळत घालते. घड्या तू कर. बसून."