दहाव्या नियमाचा कर्ता

आकाशातून पडलेल्या त्या शिळेवर मुळात नऊच नियम होते, हे गावात एकट्या थोरल्या पाथरवटाला ठाऊक होतं. निदान त्याचा तसा समज होता. शिळा पडली तेव्हा म्हणे असा दणका बसला, की तीन कोसांवरच्या बहिऱ्यानेही "कोण रे ते?" म्हणून विचारलं. तेव्हापासून ती प्रार्थनाघराच्या भिंतीत उभी होती आणि देवाने स्वतः कोरलेल्या नियमांवर गावाचा संसार चालला होता.

चाळीस वर्षांपूर्वी बुजलेली अक्षरं खोल करायला थोरल्याला बोलावलं होतं. नवव्या नियमाखाली छिन्नी घसरली आणि तळहाताएवढा टवका उडाला. देवाच्या अक्षराखाली खड्डा! त्याने घाईघाईने ती जागा घासून सपाट केली आणि सुचेल ती ओळ कोरून टाकली: 'भांडलेल्या दोघांनी तिसऱ्या दिवशी एका ताटात जेवावे.' हेच सुचलं, कारण सडकून भूक लागली होती.

कुणाला शंका आली नाही. उलट म्हातारे सांगू लागले, "हा नियम तर आमच्या आजोबांच्या तोंडी होता." पहिले नऊ नियम लोक सोयीसोयीने पाळत, दहावा मात्र बिनचूक. वर्षभरात गावातल्या दोन्ही वकिलांनी गाशा गुंडाळला. एक सासू-सून तर इतक्या नेमाने भांडत, की अकरा वर्षं त्या घरात दुसरं ताट घासावं लागलं नाही.

आणि परवा थोरला स्वतःच भांडला, सख्ख्या धाकट्या भावाशी. आईच्या थडग्यासाठी वीस वर्षं राखून ठेवलेला काळा दगड धाकट्याने नव्या यंत्रावर चिरला आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा ओटा करून टाकला.

"वीस वर्षांत छिन्नी लावली नाहीस दादा, मला वाटलं विसरलास!"

"तू मला मेलास," थोरला म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला.

आज तिसरा दिवस. एका ताटात जेवायचं म्हणजे भावाला परत जिवंत करायचं. त्यातून सुटायला थोरला सकाळीच प्रार्थनाघराच्या गुरुजींकडे गेला आणि चाळीस वर्षांचं गुपित ओकून मोकळा झाला.

गुरुजींनी शांतपणे विचारलं, "छिन्नी कुणी घसरवली?"

"मीच. हाताला घाम आला होता."

"घाम कुणी आणला?"

"गुरुजी, उन्हाळा होता!"

"उन्हाळा कुणाचा?"

थोरला उठलाच. या न्यायाने काळा दगडही देवानेच चिरलेला ठरला असता, आणि भांडायला माणूसच उरला नसता.

दुपारी बायकोने मधोमध एकच ताट मांडलं. धाकटा उंबऱ्यातच थांबला.

"तो नियम देवाचा नाही," थोरला म्हणाला. "मी कोरलाय. जा घरी."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. वरच्या नऊ ओळींत देवाला काय काय हवं तेच आहे. माणसाच्या जेवणाची आठवण तुझ्याशिवाय कुणाला होणार?"

"मग आलास कशाला?"

"देवाचा असता तर देवाकडे गेलो असतो. तुझा आहे, म्हणून तुझ्याकडे आलो. मोडायचा तर तू मोड. गावाला काय सांगायचं तेही तूच ठरव."

थोरल्याला भयंकर राग आला. देवाचा नियम असता तर कुरकुर करत पाळता आला असता, नाहीतर मोडून वर हात जोडता आले असते. आता बोट दाखवायला वर कुणीच नव्हतं.

"खरं-खोटं ठरेपर्यंत दोघं उपाशी बसा," बायको म्हणाली. "भाजी मात्र निवतेय."

थोरला थोडासा सरकला. ताटाची पलीकडची बाजू मोकळी झाली.

"माफ केलेलं नाही," तो म्हणाला.

"तसं कोरलंयस कुठे?" म्हणत धाकटा हात धुवायला गेला. चांगला वेळ लावून, कोपरापर्यंत धुतले त्याने. तो येईपर्यंत थोरल्याने घास उचलला नाही.