पागाखेडीची सामाईक शिडी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे, आणि माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. ते तसं का झालं ते सांगते. ऐकून घ्या आणि मग काय वाटायचं ते वाटू द्या.

इंदूरहून निघून राऊ आणि महू मागे टाकलं, की एक रस्ता डोंगराकडे वळतो. तिथे विंध्याच्या पायथ्याशी पागाखेडी नावाचं लहानसं गाव आहे. होळकरांच्या घोडदळातल्या मराठी शिलेदारांची ही वस्ती. घोडे गेले, राज्य गेलं, जमिनीही बऱ्याचशा विकून खाल्ल्या. ऐट तेवढी शिल्लक राहिली. ज्यांचे पणजोबा म्हणे भरधाव घोड्यावरून भाला फेकायचे, त्यांचे गुडघे माझ्या मधल्या पायरीवर लटपटताना मी पाहिले आहेत. तरी खाली उतरल्यावर तोंडात पुन्हा पणजोबांचाच भाला असायचा.

डोंगरउतारावरच्या बांबूच्या बेटातून शाम नावाच्या बुरुडानं मला आणलं. दोन जाड बांबू निवडून त्यानं ते विस्तवावर शेकले, त्यांचा वाक काढला, भोकं पाडून पायऱ्या ठोकल्या आणि सांधे तारेनं आवळले. मारुतीच्या देवळाबाहेरच्या भिंतीवर दोन खुंट्या होत्या. त्यांवर मला आडवं टांगलं गेलं. गावानं तेव्हाच ठरवलं होतं, की ही शिडी कुणा एकाची नाही. ज्याला लागेल त्यानं न्यावी आणि काम झालं की आणून ठेवावी.

ते दिवस चांगले होते, हे मी कबूल करते. वैशाखात घरांवरचे कवेलू फेरायचे, म्हणजे फुटकी कौलं काढून नवी बसवायची, तेव्हा सगळं गाव एकेका घरी जमायचं. एक जण वर, चौघं खाली, आणि ज्याचं घर त्याच्याकडे दाल-बाफल्यांचं जेवण. पाडव्याला गुढी बांधायला मी, नवरात्रात देऊळ रंगवायला मी, सामाईक आंब्याचा पाड उतरवायला मी. बायका जाता-येता मला हात लावायच्या. "बडी कामाची आहे हं ही," असं म्हणायच्या.

पण मित्रांनो, माणसाला मोठं व्हायला शिडी लागते आणि मोठं झाल्यावर शिडीचं कुलूप लागतं.

प्रतापराव इंदुरातल्या नोकरीतून रिटायर होऊन गावात आले. आल्या आल्या त्यांनी ग्रामविकास समिती काढली आणि स्वतःच तिचे अध्यक्ष झाले. समितीनं विकास किती केला मला माहीत नाही. फलक मात्र पाच-सहा लावले, आणि ते सगळे माझ्यावर चढून. प्रत्येक फलकावर प्रतापरावांचा फोटो होता. तो सरळ लागला की नाही हे बघायला ते खाली उभे राहून "थोडा लेफ्ट, थोडा लेफ्ट" करत ओरडायचे.

त्यांचा मुलगा रजत. पंचविशीचा, धडधाकट, आणि कामाला हात लावायचा झाला तर आधी मोबाईलला लावणारा. एका संध्याकाळी सूर्य डोंगराआड जात होता. त्याला आपला व्हिडिओ काढायचा होता. त्यानं मला देवळाच्या खुंटीवरून उतरवलं, पिंपळाला टेकवलं आणि मधल्या पायरीवर उभं राहून तो नाचला. हो, नाचला. पायरी कडकन मोडली. त्यानं आजूबाजूला पाहिलं, मला पुन्हा खुंट्यांवर टांगलं आणि कपडे झटकत घरी गेला.

त्या दिवशी सकाळीच प्रेमलताबाईंनी मला परत आणून ठेवलं होतं. या अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, विधवा, गावाच्या टोकाला डोंगराकडच्या घरात एकट्या राहणाऱ्या. दुसऱ्या दिवशी देवळापुढे सगळे जमले, तेव्हा प्रतापराव म्हणाले, "शिडी लास्टमधे कुणाकडे होती?"

"माझ्याकडे," प्रेमलताबाई म्हणाल्या. "पण मी दिली तेव्हा साबूत होती."

"मग पायरी काय भुतानं तोडली?"

लोक हसले. रजतही हसला. प्रेमलताबाईंनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "मी नाही तोडली." एवढंच बोलून त्या घरी गेल्या. मला वाचा असती तर तिथेच सांगितलं असतं. पण मला वाटतं, सांगूनही उपयोग झाला नसता. लोकांना खरं हवं नव्हतं. त्यांना एकटी बाई हवी होती, आणि ती मिळाली होती.

त्यानंतर मला साखळी आणि कुलूप लागलं. किल्ली प्रतापरावांकडे. मोडलेली पायरी कुणी बसवायची यावर मात्र भांडण झालं. अध्यक्ष म्हणाले, जिनं तोडली तिनं. गाव म्हणालं, अध्यक्षांनी. पायरी कुणीच बसवली नाही. प्रेमलताबाईंना शिडी द्यायची नाही, असा ठराव मात्र लगेच झाला. त्यांच्या घराचे कवेलू फेरायलाही कुणी गेलं नाही. पावसाळ्यात त्यांच्या घरी पातेली मांडून ठेवावी लागतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सहानुभूतीनं माना हलवायचे सगळे. मान हलवायला शिडी लागत नाही ना!

मग दुसऱ्या वर्षी थंडीच्या दिवसांत एका सकाळी प्रेमलताबाईंच्या विहिरीतून गुरगुर ऐकू आली. डोंगरातून उतरलेला बिबट्या आत पडला होता. विहिरीच्या जुन्या दगडी पायऱ्या केव्हाच ढासळल्या होत्या. तो एका कपारीला पंजे रोवून अर्धा पाण्यात लटकत होता. उन्हाळ्यात सगळ्या विहिरी आटल्या की गाव याच विहिरीचं पाणी पीत असे. तेवढ्यापुरत्या प्रेमलताबाई सगळ्यांच्या काकी होत.

बातमी पसरायला किती वेळ लागतो! गाव जमलं. मग शेजारची गावं, मग राऊकडून मोटारसायकली. काठावर ही गर्दी. एकानं लेकराला नीट दिसावं म्हणून खांद्यावर घेऊन पार कडेला धरलं. एकानं बिबट्या वर बघत नाही म्हणून खडा मारला.

"अरे भिया, मुंडी वर कर ना!" रजत आत वाकून ओरडला. "एक तर शॉट दे!"

वनरक्षक पीयूष तोवर पोचला होता. तो इथलाच, महूकडचा. त्यानं आत डोकावून पाहिलं. "आणखी थोडा वेळ टिकेल," तो म्हणाला. "शिडी सोडू. ही गर्दी हटली की तो आपला आपण चढून जाईल. शिडी आहे का कुणाकडे?"

सगळ्यांनी देवळाकडे पाहिलं. प्रतापराव इंदुरात, सुदामा नगरात मेव्हण्याच्या वास्तुशांतीला गेले होते, किल्ली खिशात घेऊन. रजतनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून भांड्यांचा आवाज आणि मग अध्यक्षांचा. "मी दुपारपर्यंत येतो. तोवर कुणी हात लावायचा नाही. नियम म्हणजे नियम."

आणि मित्रांनो, एवढे सगळे धडधाकट शिलेदार हात बांधून उभे राहिले. कुलूप माझ्या करंगळीएवढं होतं, मला करंगळी असती तर.

प्रेमलताबाई घरात गेल्या आणि खलबत्त्यातला बत्ता घेऊन बाहेर आल्या. त्या देवळापाशी आल्या आणि त्यांनी कुलपावर घाव घातले. तिसऱ्या-चौथ्या घावाला ते तुटलं. मला वाटलं, आता तरी कुणी म्हणेल, काकी, सरका, आम्ही नेतो. एकानं तसं म्हटलंही. पण आधी त्यानं बत्त्याचा फोटो काढला.

पीयूषनं दोर बांधून मला विहिरीत सोडलं. माझे पाय पाण्यात बुडाले, डोकं काठाला जेमतेम टेकलं. बिबट्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत भीती होती, पण ढोंग नव्हतं. असं कुणी माझ्याकडे बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यानं एक पंजा माझ्या खालच्या पायरीवर ठेवला. वर लोकांनी आरोळी ठोकली. पंजा निसटला आणि तो पुन्हा पाण्यात गेला.

"मागे व्हा हो!" पीयूष घसा फोडून सांगत होता. "तुम्ही असताना तो येणार नाही. आणि आला तर कुणाला सोडणार नाही!"

मागचे पुढे येत होते आणि पुढचे हलत नव्हते. बिबट्या पुन्हा कपारीला लागला, पण आता त्याची मान खाली जाऊ लागली होती.

प्रेमलताबाई देवळात गेल्या आणि त्यांनी भजनाचा माईक चालू केला. सगळ्या डोंगरपायथ्यावर त्यांचा आवाज घुमला. "सुनिए, सुनिए! नीचे सड़क पर, बस-स्टॉप के पास, गरम पोहे-जलेबी बँट रही है. बिल्कुल फ्री! पहले आओ, पहले पाओ!"

मी खूप वर्षं जगले आहे. माणसं आगीला घाबरून पळताना पाहिली, पावसाला घाबरून पळताना पाहिली. पण त्या सकाळी पोह्यांसाठी पळाली तशी कधीच पळाली नव्हती. मोटारसायकली गुरगुरल्या, चपला सुटल्या, खांद्यावरचं लेकरू काखेत गेलं. "सेव असेल ना वरून?" असं कुणी तरी विचारलंही. बघता बघता काठ मोकळा झाला. पीयूष आणि देवळातून परतलेल्या प्रेमलताबाई घरात शिरले आणि दाराच्या फटीतून पाहू लागले.

मग तो चढला. त्याचं ओलं, जड अंग माझ्यावर आलं, नख्या बांबूत रुतल्या, माझा एक सांधा करकरला. मोडलेल्या पायरीपाशी तो पोचला. जिच्यावरून अख्खं गाव भांडलं ती जागा त्यानं बघितलीसुद्धा नाही. वरच्या पायरीला पंजा घातला आणि ओलांडून गेला. काठावर क्षणभर उभा राहून त्यानं अंग झाडलं. मग करवंदीच्या जाळ्यांतून डोंगराकडे निघून गेला. माझ्यावर चढणाऱ्यांपैकी वर पोचल्यावर फुशारकी न मारणारा तो पहिलाच.

लोक परत आले ते चिडून. बिबट्या वाचला याचा आनंद बाजूलाच, पोहे नव्हते याचा राग मोठा. "काकी, झूठ बोललीस!" असं त्यांना तोंडावर सांगणारे निघाले. दुपारी प्रतापराव आले आणि तुटकं कुलूप हातात घेऊन उभे राहिले.

"हे कोणी तोडलं?"

"मी," प्रेमलताबाई म्हणाल्या.

"बघा! स्वतःच्या तोंडानं! म्हणजे पायरीपण..."

"पायरी नाही, प्रतापराव. कुलूप. जे मी तोडलं ते मी तोडलं म्हणते."

त्या वेळी प्रतापरावांच्या मागे त्यांची बायको शशिकला उभी होती. तिची मान खाली गेली.

संध्याकाळी गाडी घेऊन बातमीवाले आले. तोवर मला झेंडूची माळ पडली होती. प्रतापराव माझ्या खांद्यावर हात ठेवून कॅमेऱ्यापुढे म्हणाले, "आमच्या समितीनं वेळेवर शिडी उपलब्ध करून दिली." आठवडाभर लोक माझ्यावरच्या नख्यांच्या खुणांवर बोट फिरवत फोटो काढत राहिले. माळ सुकली, लोक पांगले. मग शहरातून ॲल्युमिनियमच्या घडीच्या शिड्या आल्या. प्रत्येक घरी एक. दुकानदारानं सांगितलं होतं, हिला खालून कुणी धरायला लागत नाही. गावाला हेच फार आवडलं. मी देवळामागे गवतात पडले. माझ्या एका बांबूला वाळवी लागायला सुरुवात झाली.

वैशाखात प्रेमलताबाईंनी मला गवतातून ओढून काढलं. त्यांनी वाळवी खरवडली, रॉकेल चोळलं, मोडक्या पायरीच्या जागी बाभळीचा दांडा ठोकला. जिला दोन वर्षं माझ्यापासून दूर ठेवलं, तिनंच ते केलं. मग मला भिंतीला टेकवून त्या एकट्याच कवेलू फेरायला चढल्या. साठी उलटलेली बाई, एका हातात कवेलूंची टोपली. जमीन उताराची. त्या अर्ध्यावर गेल्या आणि माझा पाय घसरला. मी जिवाच्या आकांतानं भिंतीला चिकटून राहिले. शेजारच्या अंगणात दोघे जण चहा पीत होते. त्यांनी पाहिलं. बसल्या जागेवरून "संभाल के, काकी!" असंही म्हणाले.

तेवढ्यात कुणी तरी धावत आलं आणि माझे दोन्ही बांबू घट्ट धरले. ती शशिकला होती. वरून फुटके कवेलू खाली येत राहिले.

"पायरी रजतनं तोडली होती," शशिकला खालूनच म्हणाली. "मी खिडकीतून पाहिलं होतं. मला माहीत होतं."

वरचे हात थांबले. मग प्रेमलताबाई म्हणाल्या, "मलापण माहीत होतं. त्याच्या पँटला माझ्या चुन्याचे डाग होते. शिडी परत करायच्या आदल्या दिवशी मी घर पोतलं होतं, शिडीला चुना लागला होता."

"मग बोलल्या का नाहीत?"

"कुणी विचारलं? नीट धर. डावीकडचा पाय हलतोय."

शशिकलेनं धरला. दुपारच्या उन्हात तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पदर खांद्यावरून सुटला होता. प्रतापराव दोनदा येऊन तिच्या नावानं ओरडून गेले. तिनं हात सोडला नाही.

मित्रांनो, शिडीला सावलीत ठेवा, तेल लावा, वाळवीपासून जपा, असं मी तुम्हांला सांगायला हवं. पण तुम्ही ते करणार नाही, हे मी ओळखून आहे. म्हणून एकच मागते. कुणी एकटं वर चढलेलं दिसलं, तर बसल्या जागेवरून "संभाल के" म्हणू नका. उठा, या, आणि खालून धरा.

फोटो नंतरही काढता येतो.