अजानेपुरतं थांबलेलं गाणं

बसा मित्रांनो, पण माझी बटणं दाबू नका. मी दोन मोठ्या रिळांचा टेपरेकॉर्डर, आता फार थकलोय. आखाती देशातल्या दार्सैतमध्ये, एका फ्लॅटमधल्या कपाटावर पडून असतो. माझा पट्टा सैल झालाय आणि जरा फिरलो की मोटर तापते.

तरुणपणी मात्र माझा रुबाब होता! रत्नागिरीचा मुनीर इथे वायरमन होता. तो गिटार वाजवायचा, त्याचा दोस्त ओमप्रकाश ऑर्गन. याच खोलीत दोघांनी इथल्या मत्रा बंदराच्या नावाने ‘मत्राची भरती’ हे गाणं रेकॉर्ड केलं. शब्द नसलेलं, लांबलचक, मध्येच चाल बदलणारं प्रोग्रेसिव्ह रॉक. घरघर नको म्हणून एसी बंद, खिडकी उघडी. सगळे घामाघूम, मीसुद्धा.

अर्ध्यात असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची अजान सुरू झाली. मुनीरने हात वर केला, ओमप्रकाशनेही बोटं उचलली. मला थांबवायचं मात्र दोघेही विसरले. मी आपला फिरतच राहिलो. नंतर ते पुन्हा वाजवू लागले, पण लय संथ झाली होती.

गाण्याची कॅसेट बाजारात आणताना मुनीरने अजान सुरू झाल्यापासून पुन्हा वाजवेपर्यंतचा आवाज बंद ठेवला. अजान गाण्यात वापरायची नाही, म्हणाला. आता इंटरनेटवर लोक त्या शांततेचं कौतुक करतात, म्हणे केवढा खोल विचार! विचार कसला डोंबलाचा.

गेल्या वर्षी मुनीर वारला. फोटो ढीगभर आहेत, आवाज कुठेच नाही. त्याची बायको अमीरुन्निसा सगळ्यांचे फोन शोधून दमली. मग तिला मी आणि माझ्यावरची ती मूळ टेप आठवली.

तिचा मुलगा आदिल याने मला कॉम्प्युटरला जोडलं. पट्टा केव्हाही तुटेल, हे मला कळत होतं. गाणं थांबलं, अजान सुरू झाली. ती संपताच आदिल म्हणाला, “अम्मी, इथे बँड थांबलाय. पुढे पळवतो.”

“हात लावू नको रे. मला तेच ऐकायचंय.”

मी जीव मुठीत धरून फिरत होतो.

“अमीरू, चाय ठेव गो,” मुनीर बोलला. “एवढं वाजवतो नि नमाजला जातो.”

तेवढं कॉम्प्युटरवर उतरलं आणि माझा पट्टा तुटला.

“गाणं अर्धंच राहिलं,” आदिल हळहळला.

“गाणं सगळ्या दुनियेकडे आहे,” अमीरुन्निसा म्हणाली आणि डोळे पुसून चहा ठेवायला उठली.

मित्रांनो, मला नवा पट्टा मिळाला तर बरं, नाहीतर असाच पडून राहीन. पण घरातली जुनी टेप भंगारात देण्याआधी एकदा शेवटपर्यंत ऐका. मध्ये कुणी वाजवायचं थांबलं, तरी पुढे पळवू नका.